माळ्यावरचे जुने स्पीकर पुन्हा बोलते करताना

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून दोन तपकिरी खोकी खाली येतात. पुढची जाळी काढली की वूफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कडेचं काळं फोम बोटाला चिकटतं, हात लावाल तिथे त्याचा भुगा होतो, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, "फाटलेत हे, भंगारवाल्याला देऊन टाका." कृपा करून देऊ नका. हा लेख मी त्याच क्षणासाठी लिहिते आहे.

इंदूरला रामबाग, लोकमान्य नगर, नारायण बाग या भागांतल्या मराठी घरांमधून अशा जोड्या अजून निघतात. कुणाकडे १९७० मध्ये कोलकात्याला सुरू झालेल्या सोनोडाइनच्या, कुणाकडे कॉस्मिकच्या, फिलिप्सच्या, तर कुणाकडे ओळखीच्या सुताराकडून प्लायवूडची खोकी करवून त्यात बसवलेल्या. माझ्या हाताखालून ज्या जोड्या गेल्या त्यांतल्या बहुतेकांचं लोहचुंबक आणि कॉइल (चुंबकाच्या फटीत हलणारं तारेचं वेटोळं) ठणठणीत होती. बिघडलं होतं ते फोम, एखादा कपॅसिटर, एखादी बारीक तार किंवा नुसता गंजलेला जोड. या चारही गोष्टी घरी दुरुस्त होतात. अट एकच आहे: बिघाड नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय पेचकस उचलायचा नाही.

माझी शिकवणी आत्याच्या स्पीकरांवर झाली. आत्या रोज पहाटे तानपुऱ्याची कॅसेट लावून बसायची. एक दिवस म्हणाली, "अगं, तानपुरा एका बाजूनं मुका झालाय. आवाज येतोय, पण त्यातली जवारी गेली." जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या स्वरावरची बारीक झळाळी. मला काहीच फरक कळत नव्हता. तिच्या कानाचं खरं निघालं, आणि तिच्या त्या एका वाक्यात अर्धं निदान होतं. ते कसं, ते पुढे येईलच.

सामान काय लागतं

एक साधा डिजिटल मल्टीमीटर, २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, सोल्डरची तार, थोडा फ्लक्स, दीड व्होल्टचा एक पेन्सिल सेल, कापसाच्या काड्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल, पांढरा फेव्हिकॉल, कपड्यांचे आठ-दहा चिमटे. महाराणी रोडवर एका फेरीत बहुतेक सगळं मिळतं. शिवाय कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा घ्या, त्याचा उपयोग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा होणार आहे.

पेचकसाबद्दल एक कळकळीची सूचना. स्पीकरचं चुंबक लोखंडी पेचकसाला असं काही खेचतं की हात सटकतो आणि टोक सरळ कागदी कोनातून, म्हणजे हलून आवाज काढणाऱ्या शंकूतून, आरपार जातं. माझ्या पहिल्याच वूफरचं हेच झालं. स्क्रू काढताना दुसऱ्या हाताचा पंजा आडवा धरून कोन झाका, किंवा जाड पुठ्ठ्याचा गोल कापून वर ठेवा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

आधी दोष स्पीकरचा आहे का ते पाहा

अँप्लिफायर बंद करा. डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारा अँप्लिफायरच्या मागून काढून अदलाबदल करा आणि पुन्हा चालू करा. आधी डावं खोकं खराब वाजत होतं आणि आताही तेच खोकं खराब वाजतंय, तर दोष खोक्यात किंवा त्याच्या तारेत. पण आता उजवं खोकं खराब वाजायला लागलं, तर खोकी निर्दोष आहेत आणि आजार अँप्लिफायरच्या डाव्या बाजूत आहे. पाच मिनिटांचं काम आहे, आणि याच्यामुळे कित्येक चांगले वूफर विनाकारण उघडण्यापासून वाचतात.

अँप्लिफायरचा दोष निघाला तर आधी व्हॉल्यूम, बॅलन्स आणि स्पीकर निवडायच्या बटणात कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. सेट बंद ठेवून, प्लग काढून. बटणं वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिलेल्या बटणाच्या आत काळा थर चढलेला असतो, खरखर आणि एका बाजूचा आवाज जाणं हे बऱ्याचदा एवढ्यानंच थांबतं. याच्या पुढे, म्हणजे अँप्लिफायरच्या पोटात, नवख्यानं हात घालू नये. त्यातले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवतात.

तारांची टोकंही पाहून घ्या. सोललेल्या तारेचा एखादा केस सुटून शेजारच्या टर्मिनलला चिकटला तर शॉर्ट होतो आणि अँप्लिफायर जळू शकतो. टोकं पिळून, थोडं सोल्डर पाजून घ्या.

आता एक तपासणी, जी कुणी सांगत नाही आणि जी मला फार महत्त्वाची वाटते. तुमचा अँप्लिफायर ट्रान्झिस्टरचा असेल तर स्पीकरच्या तारा काढा, व्हॉल्यूम शून्यावर आणा, सेट चालू करून दोन मिनिटं थांबा. मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून एकेका बाजूच्या दोन स्पीकर टर्मिनलवर लावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत राहा. शंभराच्या वर असेल तर कारागिराला दाखवा. काही व्होल्ट दिसले तर त्या अँप्लिफायरला कुठलाही स्पीकर लावू नका. ती डीसी वीज कॉइल तापवून जाळते, आणि तुम्ही महिनाभर खपून दुरुस्त केलेला वूफर मिनिटभरात जाईल. व्हॉल्व्हच्या जुन्या सेटवर मात्र हे करू नका, त्याला स्पीकर न लावता चालू करणंच धोक्याचं असतं.

डोळे, हात, कान

खोकं टेबलावर आडवं ठेवा आणि जाळी काढा. पाहायचं ते असं: फोमला भेगा आहेत का, कोन फाटलाय का, मधली टोपी म्हणजे डस्ट कॅप चेपली आहे का, कुठे वाळवीची माती किंवा उंदराच्या लेंड्या आहेत का. आपल्याकडे मे महिन्यात सगळं कोरडं ठणठणीत आणि जुलैत दमट, हा फेरा जुन्या पॉलियुरेथेन फोमला सोसत नाही. हवेतल्या ओलाव्यानं ते आतून विरघळल्यासारखं होतं आणि पंधरा-वीस वर्षांत गळायला लागतं. स्पीकर वापरा किंवा गुंडाळून ठेवा, ते होतंच. रबराची किंवा कापडाची कडा असेल तर ती चाळीस वर्षांनीही शाबूत दिसेल, ती उगाच बदलू नका.

मग दोन्ही हातांची बोटं पसरून कोनावर टेका, चारी बाजूंनी सारखा दाब देत कोन हळूच अर्धा सेंटिमीटर आत ढकला आणि सोडा. कान जवळ ठेवा. काही आवाज न होता आत-बाहेर झाला तर कॉइल मोकळी आहे. वाळूत बोट घासल्यासारखी खसखस ऐकू आली तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे. एकाच बोटानं एका बाजूला दाबू नका. तसं केलं तर चांगली कॉइलही तिरकी होऊन घासेल आणि तुम्ही उगाच घाबराल.

बंद खोकं असेल, म्हणजे हवा जायला भोक नसेल, तर दाबलेला वूफर सोडल्यावर तो सावकाश वर यायला हवा. झटकन आला तर खोक्याला कुठेतरी गळती आहे. त्यानं खर्ज पातळ होतो.

मीटर काय सांगतो, काय लपवतो

८ ओहमचा स्पीकर मीटरवर ८ दाखवत नाही. साडेपाच ते सातच्या आसपास दाखवतो. ४ ओहमचा तीन ते पावणेचार. मीटरच्या तारांचा स्वतःचा रोधही दोन-तीन दशांश ओहम असतो, दोन्ही टोकं एकमेकांना लावून तो आधी वाचा आणि वजा करा.

आता नवख्यांची नेहमीची चूक. खोक्याच्या मागच्या टर्मिनलला मीटर लावून "साडेसहा दाखवतोय, म्हणजे सगळं ठीक" असं म्हणायचं. दोन ड्रायव्हरच्या साध्या खोक्यात (ड्रायव्हर म्हणजे आतला एकेक स्पीकर: मोठा वूफर आणि वरचे स्वर वाजवणारा छोटा ट्विटर) तो आकडा फक्त वूफरचा असतो. ट्विटरच्या वाटेत कपॅसिटर बसलेला असतो आणि तो मीटरची वीज अडवतो. ट्विटर मेलेला असला तरी मागून मीटर छानच सांगेल. म्हणून प्रत्येक ड्रायव्हर खोक्यातून बाहेर काढा, त्याची एक तार सोडवा आणि थेट त्याच्या पात्यांवर, म्हणजे तार जोडायच्या धातूच्या पट्ट्यांवर, मोजा. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कुठल्या रंगाची तार कुठे होती हे लक्षात राहील असं वाटतं, पण तासाभरानं राहत नाही.

वूफरसाठी पेन्सिल सेलची परीक्षा उत्तम. सेलचं धन टोक लाल ठिपका असलेल्या पात्याला, ऋण टोक दुसऱ्याला, फक्त क्षणभर टेकवा. 'ठप्' आवाज येऊन कोन पुढे यायला हवा. मागे गेला तर खुणा किंवा तारा उलट्या आहेत (जेबीएलच्या जुन्या ड्रायव्हरांत मुळातच उलटं असतं, तिथे गोंधळू नका). दोन खोक्यांतला एक वूफर उलटा जोडलेला असेल तर एक पुढे येताना दुसरा मागे जातो, दोघांची हवा एकमेकांना मारते आणि खर्ज गायब होतो. गाणाऱ्याचा आवाज मध्ये न उमटता सगळ्या खोलीत पांगल्यासारखा वाटतो. 'स्पीकरात दम नाही' म्हणून माझ्याकडे आलेली एक जोडी नुसती एका तारेची अदलाबदल करून परत गेली.

मीटरनं 'तुटलंय' म्हटलं तरी थांबा

मीटर काहीच आकडा दाखवत नाही, म्हणजे कॉइल जळली, असा निकाल लगेच देऊ नका. वूफरच्या पात्यांपासून कोनापर्यंत दोन मऊ, गोफासारख्या विणलेल्या तारा जातात. आत सुती दोरा, भोवती तांब्याची अगदी पातळ पट्टी. कोन हलतो तशा त्या लाखो वेळा वाकतात आणि एक दिवस आतून तुटतात. वरून मात्र दोरा अखंड दिसतो.

आत्याच्या उजव्या खोक्यात नंतर हेच निघालं. वूफर कधी वाजे, कधी बंद पडे. मी दिवाणखान्यात जमिनीवर बसून मीटर लावला होता आणि चिमट्यानं ती तार थोडी थोडी हलवत होते. पात्याजवळ काही नाही, मधोमध काही नाही, आणि जिथे तार कोनाला चिकटते त्याच्या एक दाणाभर अलीकडे मीटरचा आकडा ६.४ वर उडी मारून पुन्हा गेला. भिंगातून पाहिलं तर तांब्याची पट्टी तिथे हिरवट होऊन उकललेली होती. आत फक्त दोरा.

तुटकं टोक पात्याजवळ असेल तर तार थोडी कापून पुन्हा सोल्डर करता येते. कोनाजवळ असेल तर पूर्ण तार बदला. जुन्याच जाडीची, तेवढ्याच लांबीची आणि तीच लवचिक जात. घरातली साधी वायर तिथे लावू नका. ती ताठ असते, कोनाला ओढून धरते आणि महिन्याभरात तुटते. कोनावरच्या जोडावर आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, खालचा डिंक वितळतो. तार बसवल्यावर कोन पूर्ण आत-बाहेर करून पाहा: तार ताणली जाता कामा नये आणि कोनावर आपटताही कामा नये.

जवारी कुठे गेली होती

आता आत्याच्या तक्रारीकडे येते. तानपुऱ्याच्या स्वरावर जी बारीक झळाळी असते ती वरच्या स्वरांशांची, काही हजार हर्ट्झपर्यंत जाणारी. ती ट्विटर वाजवतो. तिच्या डाव्या खोक्यातला ट्विटर मीटरवर चांगला होता. बिघडला होता त्याच्या वाटेतला कपॅसिटर.

हा कपॅसिटर चाळणीसारखं काम करतो: खालचे स्वर अडवतो, वरचे सोडतो. ८ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर साधारण ४२०० हर्ट्झच्या वरचा आवाज त्याच्याकडे जातो. जुन्या खोक्यांत बहुधा नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक जातीचे कपॅसिटर असतात. त्यांच्या आतला द्रव वर्षांगणिक वाळतो, रोध वाढतो, ट्विटर हळूहळू मंद होत जातो. इतका सावकाश, की रोज ऐकणाऱ्यालाही कळत नाही. आत्याला कळलं, कारण तिचं कान लावून ऐकणं रोजचं होतं आणि दोन खोक्यांपैकी एकच आधी मंदावलं.

बदलताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवा. व्होल्टचा आकडा जुन्याइतका किंवा जास्त चालतो. दुकानात 'फिल्म कपॅसिटर' मागा, १०० व्होल्टचा. आकारानं मोठा असतो, पण वाळत नाही. इलेक्ट्रोलिटिकच मिळाला तर तो नॉन-पोलर हवा, अंगावर 'एनपी' किंवा 'बीपी' लिहिलेलं असतं. ज्याच्या एका बाजूला ऋण चिन्हांची पट्टी असते तो साधा कपॅसिटर इथे चालत नाही. अगदीच अडलं तर तसे दोन सारखे कपॅसिटर घेऊन त्यांची ऋण टोकं एकमेकांना जोडा आणि दोन्ही धन टोकं बाहेर वापरा. मायक्रोफॅरडचा आकडा निम्मा होतो: १० चे दोन जोडले की ५, जे ४.७ च्या जागी चालून जातं. मी हे तात्पुरतंच मानते.

आणि दोन्ही खोक्यांतले बदला, एकातलाच नाही. स्पीकर ही जोडी आहे. डाव्याला जे केलं ते उजव्याला केलं नाही, तर गायक कायम एका बाजूला झुकलेला राहतो. नव्या फिल्म कपॅसिटरनंतर ट्विटर पहिले काही दिवस जरा टोचरा वाटेल, कारण तुमच्या कानांना मंद आवाजाची सवय झालेली असते. आठवडाभर ऐका, मग ठरवा.

कपॅसिटर चांगला, पण ट्विटरच मीटरवर तुटलेला दाखवतो, तर त्याची कॉइल बहुधा जळली आहे. बहुतेक वेळा कारण एकच: छोटा अँप्लिफायर पूर्ण व्हॉल्यूमवर, लग्नाकार्यात किंवा गणपतीत. अँप्लिफायरची ताकद संपली की तो लहरींचे माथे कापतो आणि त्या कापलेल्या लहरींत वरच्या स्वरांची ऊर्जा भरमसाट असते. ती सगळी बिचाऱ्या ट्विटरवर कोसळते.

फोम बदलणं

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. घाई करणार असाल तर हे काम दुसऱ्या रविवारवर ढकला.

पहिल्यांदा माप. '८ इंची वूफर' एवढं सांगून फोम आणलं तर ते बसेलच असं नाही. पट्टीनं तीन मापं घ्या: फोम जिथे कोनाला चिकटतं तिथला व्यास, फोमची बाहेरची कड जिथे लोखंडी चौकटीला चिकटते तिथला व्यास, आणि मधल्या गोल फुगवट्याची रुंदी. कागदावर आकृती काढून तो कागद दुकानात न्या, किंवा ऑनलाइन मागवताना समोर ठेवा. दुकानदार रबराची कडा जास्त टिकते म्हणून सुचवेल. टिकते हे खरं, पण ती जड आणि कडक असते, त्यानं वूफरचा मूळ स्वभाव बदलतो. मी जिथे फोम होतं तिथे फोमच लावते.

वूफर काढून, चुंबक खाली ठेवून, जाड टॉवेलवर ठेवा. बाहेरच्या कडेवर पुठ्ठ्याची किंवा बुचाची गोल पट्टी असेल तर बोथट सुरीनं सावकाश उचला आणि जपून ठेवा, तीच परत लावायची आहे. मग जुनं फोम काढायला घ्या. हे काम चिकट आहे. काळा चिकटा नखांत जातो, कपड्यांना लागतो, जुनी बनियन घालूनच बसा. कोनावरचं फोम बोटानं चोळत चोळत काढा. अल्कोहोलमध्ये भिजवलेली कापसाची काडी फिरवा, पण कागदी कोन चिंब करू नका. लोखंडी चौकटीवर मात्र घासायला हरकत नाही. जुन्या डिंकाचा एक खडा जरी राहिला तरी नवं फोम तिथे उचललं जातं. काढताना एक गोष्ट पाहून ठेवा: जुनं फोम कोनाच्या वरून चिकटवलं होतं की खालून? नवंही तसंच लावायचं.

डिंक लावण्याआधी नवं फोम नुसतं ठेवून पाहा. नीट बसलं तर आधी आतली कड. कागदी कोनाला पांढरा फेव्हिकॉल चालतो, बारीक ब्रशनं पातळ थर. प्लॅस्टिकच्या कोनाला तो धरत नाही, तिथे रबरी जातीचा डिंक लागतो. फेव्हिक्विक कुठेही वापरू नका, तो काचेसारखा कडक होतो आणि कोन हलला की तडकतो. आतली कड बोटानं गोल फिरत दाबत राहा, दहा मिनिटं. मग रात्रभर सोडून द्या.

दुसऱ्या दिवशी बाहेरची कड, आणि इथेच सगळी परीक्षा आहे. फोम एक-दोन मिलिमीटर जरी एका बाजूला सरकून चिकटलं तरी कॉइल फटीत घासते. जुने कारागीर डस्ट कॅप कापून कॉइलच्या आत फिल्मच्या पातळ पट्ट्या खोचतात, म्हणजे कॉइल आपोआप मधोमध राहते. नवख्यानं टोपी कापू नये असं माझं मत आहे. त्याऐवजी असं करा. मोबाइलवर टोन वाजवणारं एखादं ॲप घ्या, ३० हर्ट्झ लावा, अँप्लिफायरमधून अगदी हळू आवाजात वूफरला द्या. कोन मंदपणे आत-बाहेर होताना डोळ्यांना दिसेल एवढंच. चौकटीवर डिंक लावा, फोमची कड टेकवा आणि ऐका. घासल्याचा आवाज आला तर फोम थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला सरकवा. पांढरा डिंक लगेच धरत नाही, म्हणून तुमच्याकडे काही मिनिटं आहेत. घासणं पूर्ण थांबलं की टोन बंद करा आणि चारी बाजूंनी कपड्यांचे चिमटे लावा, समोरासमोरच्या जोडीनं. बोटांनी दाबून कोन पुन्हा हलवून पाहा. शांत असेल तर हात काढा आणि चोवीस तास तिकडे फिरकू नका. पावसाळ्यात दोन दिवस.

अनेक वर्षं वापरात नसलेला वूफर परत बसवताना तो अर्धा फिरवून बसवा, म्हणजे आधी वर असलेला स्क्रू आता खाली येईल. कोन वर्षानुवर्षं आपल्या वजनानं थोडा खाली झुकलेला असतो, तो आता उलट्या बाजूनं सावरतो.

कोन, खोकं, कापड

कोनाला छोटी चीर असेल तर पतंगाचा कागद सगळ्यात छान. तो पातळ आणि चिवट असतो. चिरेपेक्षा थोडा मोठा तुकडा हातानं फाडून घ्या, कात्रीनं कापू नका, फाटलेली कड कोनात मिसळते. पाण्यात सैल केलेल्या फेव्हिकॉलनं मागच्या बाजूनं लावा.

चेपलेली डस्ट कॅप चिकटपट्टी लावून हळूच ओढली तर बऱ्याचदा बाहेर येते. ट्विटरच्या घुमटाला मात्र हा प्रयोग करू नका.

खोक्याच्या आत पिवळसर लोकर भरलेली असेल तर ती काचेची असू शकते. मास्क आणि हातमोजे घाला, नाहीतर दोन दिवस अंग खाजत राहील. ती फेकू नका, तिच्याशिवाय खोकं घुमतं. भुशाच्या दाबलेल्या फळीचं खोकं खालून फुगलं असेल तर वाळवून, फटीत लाकडाचा डिंक भरून, शिकंज्यात आवळा. वूफर बसवताना चौकटीखालची पट्टी कुजली असेल तर खिडकीला लावतात ती फोमची चिकटपट्टी वापरा, हवेची गळती थांबते.

जाळीचं कापड एमटी क्लॉथ मार्केटमध्ये पाहा. दुकानात उभं राहून कापड तोंडासमोर धरा आणि फुंका. फुंकर सहज पलीकडे गेली तर आवाजही जाईल.

कारागिराकडे जायचंच झालं तर

कॉइल खरंच जळलेली असेल, वास येत असेल, दाबताना घासत असेल आणि मीटर गप्प असेल, तर नवी कॉइल आणि कोन घालायचं काम कारागिराचं. वूफर देताना मागच्या बाजूला स्वतःची खूण करा, फोटो काढा, आणि स्पष्ट सांगा: चौकट आणि चुंबक हेच परत हवं, कॉइल आधीच्याच ओहमची हवी. माझ्या ओळखीच्या एका घरातला जड चुंबकाचा वूफर दुरुस्तीला गेला आणि परत आला तो हलक्या चुंबकाचा, वरून नवा कोरा. देणाऱ्यानं खूण केली नव्हती, बोलायला तोंड नव्हतं. चांगला कारागीर अशा सूचनेनं रागावत नाही.

ओहमबद्दल आणखी एक. ८ ओहमच्या जागी ४ ओहमची कॉइल किंवा ड्रायव्हर बसवला तर आवाज मोठा येतो म्हणून लोक खूश होतात. जुना अँप्लिफायर मात्र दुप्पट करंट देता देता तापतो.

शेवटची चाचणी

सगळं जोडल्यावर पहिल्यांदा धडाक्याचं गाणं लावू नका. आत्याची पद्धत लावा: नुसता तानपुरा. काळी एकमधला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातला) असेल तर खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास वाजते. वूफर कुठे घासत असेल, खोक्याची फळी थरथरत असेल, स्क्रू सैल असेल, तर तो अखंड स्वर ते लगेच उघडं करतो. मग बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. दोन्हीकडे जवारी सारखीच झळाळायला हवी.

त्यानंतर तबला. डग्ग्याची घुमार वूफरची, चाटेवरचा 'ना' ट्विटरचा. आणि मग आपल्या इंदूरचेच उस्ताद आमीर खाँ, झुमरा तालातला अतिविलंबित ख्याल. खाँसाहेब मंद्रात उतरतात तेव्हा आवाज छातीतून आल्यासारखा भरीव लागला पाहिजे आणि दोन खोक्यांच्या बरोबर मधोमध उभा राहिला पाहिजे. तो बाजूला सरकला तर कपॅसिटर पुन्हा तपासा. पसरट, पोकळ झाला तर तारा उलट्या आहेत. आत्यानं पहिल्या दिवशी डोळे मिटून अर्धा तास ऐकलं आणि म्हणाली, "डावीकडची जवारी आली. उजवीकडची जरा जास्त आहे." उजवीकडचा कपॅसिटर मी तोपर्यंत बदललाच नव्हता. जुन्या कपॅसिटरची नव्याशी तुलना तिनं कानानंच केली होती, फक्त मला ती उलटी वाटली. कपॅसिटर मोजणारा मीटर लावला तेव्हा उजवीकडच्याचे मायक्रोफॅरड छापलेल्या आकड्याच्या दीडपट भरले. म्हणजे खालचे स्वरही ट्विटरकडे जात होते आणि त्या बाजूनं तो मोठा वाजत होता. दुसऱ्या दिवशी तोही बदलला.

खोकं बंद करण्याआधी मागच्या फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा: तारीख, काय बदललं, कपॅसिटरचा आकडा, वूफरचे मोजलेले ओहम, फोमची तीन मापं. आत्याच्या खोक्यात माझ्या अक्षरात 'डावा ६.५, उजवा ६.४, दोन्ही ४.७ नवे' असं लिहिलेलं आहे, आणि खाली थोडी जागा सोडली आहे.